ओढ्यातला अनोळखी बेडूक नवी प्रजाती आहे, हे कसं ठरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगरातल्या एका ओढ्यात, शिंतोड्यांनी सतत ओल्या राहणाऱ्या खडकाला चिकटून बसलेला लहानसा तपकिरी बेडूक सापडला. फील्ड गाइडमधल्या एकाही चित्राशी तो जुळत नाही. जवळून काढलेले फोटो आहेत, फोनवर टिपलेला आवाजही आहे. ही नवी प्रजाती असू शकते का, आणि असेल तर ते सिद्ध करून नाव कसं द्यायचं?

असू शकते. ओढ्यांतल्या बेडकांच्या बऱ्याच गटांचं काम अजून अर्धवट आहे. पश्चिम घाटातल्या निक्टिबॅट्रॅकस या जीनसची, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाची, 2011 मध्ये नव्याने छाननी झाली, तेव्हा एकाच शोधनिबंधात 12 नव्या प्रजाती आल्या आणि 2017 मध्ये आणखी 7. तिथल्याच मिक्रिक्सॅलस या जीनसमध्ये 2014 साली एकदम 14 आल्या. तरीही ‘गाइडमध्ये नाही’ आणि ‘विज्ञानाला माहीत नाही’ यांच्यात बरंच अंतर असतं. तुमचा बेडूक एखाद्या माहीत असलेल्या प्रजातीची मादी किंवा पिल्लू असेल. माहीत असलेलीच प्रजाती असेल, फक्त या खोऱ्यातून तिची नोंद झाली नसेल. किंवा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिला नाव दिलं असेल आणि नंतर ते नाव दुसऱ्या नावाखाली दडपलं गेलं असेल. या तिन्ही शक्यता बाद झाल्या की मगच ‘नवी’ हा शब्द वापरायचा. पहिल्या दोन शक्यता मेहनतीने सुटतात. लोक अडकतात ते तिसरीत, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

कशावर काय अवलंबून आहे, तेही आधीच सांगतो. तुमच्या बेडकाच्या जीनसची अलीकडे फेरतपासणी झाली असेल, जुने नमुने कुणी मोजून ठेवले असतील आणि डीएनएचे संदर्भ उपलब्ध असतील, तर एकदोन हंगामांत उत्तर मिळू शकतं. तसं नसेल तर एका बेडकाला नाव देण्यासाठी अख्खा गट आधी निस्तरावा लागतो. शिवाय बेडूक धरण्यापूर्वी त्या देशाच्या वन्यजीव कायद्यानुसार लेखी परवानगी हवी. नमुना किंवा त्याचा डीएनए देशाबाहेर पाठवायचा असेल तर जैवविविधता कायद्याखालची मंजुरी वेगळी. 2014 मध्ये नागोया प्रोटोकॉल, म्हणजे जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झाल्यापासून चांगली नियतकालिकं परवानगीचा क्रमांक मागतात. परवानगीशिवाय उचललेला नमुना कितीही महत्त्वाचा असला तरी त्यावर उजळ माथ्याने काही छापता येत नाही.

आधी दिसण्याबद्दल. ओढ्यातल्या बेडकाचा रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. तोच बेडूक दिवसा फिका आणि रात्री गडद असतो, ओल्या खडकावर एक आणि धरल्यानंतर दहा मिनिटांनी दुसराच दिसतो. पाठीवरच्या सुरकुत्या आणि दाणेदारपणाही कातडीतल्या ओलाव्याप्रमाणे बदलतो. भरवशाच्या खुणा वेगळ्या आहेत: बोटांच्या टोकांवरच्या चकत्यांची रुंदी आणि त्यांच्या कडेची खाच, पायाच्या बोटांमधला पडदा नेमक्या कोणत्या पेरापर्यंत पोचतो, टाळूवर दात आहेत का, कर्णपटल उघडं आहे की कातडीखाली, डोळ्यामागची घडी कुठे संपते आणि नराच्या मांडीवर किंवा अंगठ्यावर ग्रंथी व गाद्या आहेत का. यातल्या शेवटच्या खुणा फक्त प्रौढ नरात दिसतात. म्हणून एकाच बेडकावर मत बनवू नये.

आकारावरूनही दोन्ही बाजूंनी फसगत होते. 2017 च्या त्या सात प्रजातींपैकी चार इतक्या छोट्या आहेत की त्यांची लांबी 12 ते 16 मिलिमीटरच्या आतच राहते. असे बेडूक सहज ‘पिल्लू’ म्हणून बाजूला पडतात. उलट पिल्लालाच लघुप्रजाती समजण्याची चूकही होते. उपाय सोपा आहे: प्रौढपणा लांबीवरून ठरवायचा नाही. मादीच्या पोटात पिवळी किंवा काळपट पक्व अंडी, नराचा स्वरकोश, मांडीवरच्या ग्रंथी यांवरून ठरवायचा.

ओढ्यावरचं काम अंधार पडल्यापासून पुढचे तीनचार तास चालतं. एकट्याने जायचं नाही, आणि वर डोंगरात पाऊस लागला असेल तर पाण्यात उतरायचं नाही. प्रत्येक बेडकासाठी नवे हातमोजे आणि वेगळी पिशवी. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जाताना बूट आणि जाळी घासून, जंतुनाशकात बुडवून पूर्ण कोरडी करायची. कायट्रिड बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, आणि या बुरशीने जगभर सर्वाधिक फटका दिलेल्या उभयचरांत डोंगरी ओढ्यांतले बेडूक आहेत. ज्याचा शोध घ्यायला गेलो त्याच्याच ओढ्यात रोग पोचवणं अक्षम्य आहे. बेडूक दिसल्याबरोबर, धरण्याच्या आधी, जागा टिपायची: अक्षांश-रेखांश, उंची, वेळ, हवेचं आणि पाण्याचं तापमान, पाण्याच्या रेषेपासूनचं अंतर, खडक की पान की गाळ, प्रवाह वाहता की साचलेला. घरी येऊन आठवणीने भरलेल्या नोंदींना किंमत नाही.

आवाजाकडे मी खास लक्ष देतो. नराची साद ऐकून मादी आपला नर ओळखते, त्यामुळे सादेतला ठाम फरक हा प्रजाती वेगळ्या असण्याचा थेट पुरावा असतो. पण ओढ्याकाठी हे ध्वनिमुद्रणच सगळ्यात जास्त बिघडतं. फोनमधली गोंगाट कमी करणारी आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणारी यंत्रणा सादेचा आकारच बदलून टाकते. फोनवरची साद ‘इथे काहीतरी ओरडतंय’ एवढंच सांगते, मोजमापासाठी ती चालत नाही. दिशादर्शी मायक्रोफोन, सादेपासून अर्धा ते एक मीटर अंतर, न दाबलेली वेव्ह फाइल आणि हाताने स्थिर केलेली पातळी हवी. पाण्याचा खळखळाट बहुतांशी खालच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे विश्लेषणाच्या वेळी तो गाळता येतो. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी ठेवायची. 44.1 किलोहर्ट्झच्या मुद्रणात 22 किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उमटत नाही. एरवी चालतं, पण या गोंगाटातून वाट काढण्यासाठी काही बेडकांनी आपला आवाज माणसाच्या कानापलीकडे नेला आहे. चीनमधला ओडोराना टॉर्मोटा अल्ट्रासाउंडने संवाद साधतो हे 2006 मध्ये दाखवलं गेलं, आणि बोर्निओतला हुइया कॅव्हिटिम्पॅनम तर निव्वळ अल्ट्रासाउंडमध्येही साद घालतो. गळा फुगलेला दिसतोय पण ऐकू काही येत नाही, अशा वेळी 192 किलोहर्ट्झचं यंत्र आणायचं. मिक्रिक्सॅलससारख्या गटांत नर मागचा पाय लांबवून, बोटं पसरून खूण करतात, म्हणून सोबत व्हिडिओही घ्यायचा.

सादेची तुलना करताना दोन गोष्टी विसरल्या की सगळं काम वाया जातं. तापमान वाढलं की सादेचा वेग वाढतो, आणि बेडूक मोठा असेल तर त्याचा स्वर खाली येतो. 18 अंशांवर टिपलेला एक नर आणि 24 अंशांवर टिपलेला दुसरा यांत ठोक्यांच्या वेगाचा फरक दिसला तर तो हवेचाही असू शकतो. म्हणून दर वेळी तापमान नोंदवायचं, निदान पाचसहा नरांच्या प्रत्येकी दहा-वीस सादा घ्यायच्या, आणि जो नर टिपला तोच शक्यतो नमुना म्हणून ठेवायचा. आवाज एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं असेल, तर समीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतो.

नमुना घेणं टाळता येत नाही का, असं बरेच जण विचारतात. प्राणिनामकरणाच्या नियमांत अपवादात्मक परिस्थितीत फोटोवरून नाव देण्याची फट आहे, पण बेडकांत टाळूचे दात, ग्रंथी, हाडं आणि डीएनए फोटोत येत नाहीत. पुढच्या पिढीला तुमचा निष्कर्ष पडताळता आला पाहिजे, आणि त्यासाठी शरीर हवं. परवानगीत असतील तेवढेच, शक्यतो पाच ते दहा प्रौढ नर आणि दोनतीन माद्या. ओढ्यात मोजकेच बेडूक दिसत असतील तर त्याहून कमी. उरलेल्यांच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवून डीएनए मिळवायचा आणि त्यांना सोडून द्यायचं. वेदनारहित मरणासाठी ट्रायकेन मेथेनसल्फोनेटचं द्रावण सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करून वापरतात. तसं केलं नाही तर आम्लाने कातडीची आग होते. त्यानंतर क्रम चुकवायचा नाही. आधी यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये आणि मगच शरीर फॉर्मॅलिनमध्ये. उलट केलं तर फॉर्मॅलिनने डीएनए जवळपास निकामी होतो. बाजारातल्या फॉर्मॅल्डिहाइडचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं 10 टक्क्यांचं फॉर्मॅलिन, तेही बफर घालून. आम्ल राहिलं तर हाडांतलं कॅल्शियम निघून जातं. ताटलीत ओला कागद अंथरून बेडूक पालथा ठेवायचा आणि बोटं एकेक करून पसरायची. ही दहा मिनिटं वाचवली की बोटं आकसतात आणि पडदा कायमचा मोजता येत नाही. एकदोन दिवसांनी पाण्याने धुऊन 70 टक्के इथेनॉलमध्ये. चिठ्ठी पाण्याने न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायची आणि गुडघ्याखाली दोऱ्याने बांधायची. बरणीवर बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते. इथेनॉलमध्ये पिवळं रंगद्रव्य विरघळतं आणि हिरवा बेडूक निळसर होतो, म्हणून जिवंतपणीचे रंग फोटोसह लिहून ठेवायचे.

टॅडपोल, म्हणजे बेडूकमासे, विसरू नका. प्रवाहात टिकून राहण्यासाठी त्यांचं शरीर इतकं बदललेलं असतं की कधीकधी प्रौढांपेक्षा तेच जास्त सांगतात. ॲमोलॉप्स या ओढ्यातल्या बेडकांच्या जीनसमधल्या टॅडपोलच्या पोटावर खडकाला चिकटणारी चकती असते. जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस, 2003 मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला, पण त्याचे खडकाला चिकटणारे टॅडपोल 1918 च्या सुमारासच वर्णन होऊन पडून होते. प्रौढ बेडूक जमिनीखाली राहतो, त्यामुळे दोघांची सांगड घालायला कुणी नव्हतं. आता ती सांगड शेपटीच्या टोकाच्या डीएनएने घालता येते. टॅडपोलच्या वाढीच्या गॉस्नर क्रमवारीतल्या 26 ते 38 या टप्प्यांतले टॅडपोल निवडा. त्याहून लहानांत तोंडावरच्या दातांच्या ओळी पूर्ण आलेल्या नसतात आणि पुढे रूपांतराच्या वेळी त्या झडतात.

मोजमापाबद्दल थोडंच. 0.1 मिलिमीटरपर्यंत वाचणारा डिजिटल कॅलिपर, सगळी मोजमापं एकाच माणसाने, प्रत्येक माप तीन वेळा. नर आणि माद्या वेगळ्या. जिवंत बेडकाचं माप आणि इथेनॉलमधल्याचं माप एकाच तक्त्यात घालायचं नाही, कारण इथेनॉलमध्ये शरीर आकसतं. गुणोत्तरं वापरण्यापेक्षा मापांचे लॉग घेऊन, आकाराचा परिणाम वेगळा काढून तुलना केलेली बरी.

आता डीएनए, आणि इथे मला जरा सावध करायचंय. साधारणपणे माइटोकाँड्रियातल्या 16एस जनुकाचा 550 च्या आसपास बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाचतात, आणि 3 टक्क्यांहून जास्त फरक आला की ‘नवी प्रजाती’ म्हणायचा मोह होतो. ती 3 टक्क्यांची रेषा शोधाची सुरुवात करण्यापुरती आहे. ओढ्यातले बेडूक डोंगराची धार ओलांडून फारसे जात नाहीत, त्यामुळे एकाच प्रजातीतही दर खोऱ्यागणिक फरक साचत जातो. उत्तरेच्या टोकाचे दोन आणि दक्षिणेच्या टोकाचे दोन बेडूक घेतले तर ते दोन प्रजातींसारखे दिसतील. मधल्या चार ओढ्यांतले घेतले की तोच फरक पायरीपायरीने भरून आलेला दिसू शकतो. म्हणून मधले ओढे धुंडाळणं हा या कामातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग आहे. दुसरं, माइटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि जुन्या संकरातून एका प्रजातीचा दुसरीत शिरू शकतो. म्हणून केंद्रकातली दोनतीन तरी जनुकं, उदाहरणार्थ रॅग-1, रोडॉप्सिन किंवा टायरोसिनेज, सोबत वाचायची. तिसरं, जेनबँक या खुल्या साठ्यातल्या अनेक डीएनए-क्रमांवर चुकीची नावं आहेत. ज्या क्रमाचा नमुना संग्रहालयात सापडत नाही, त्याच्या नावावर विसंबायचं नाही.

सगळ्यात भक्कम परिस्थिती कोणती? एकाच ओढ्यात दोन वंश शेजारी राहतात, केंद्रकातल्या जनुकांतही वेगळे आहेत आणि त्यांचे संकर सापडत नाहीत. तिथे वाद जवळपास संपतो. आग्नेय आशियातले ओडोरानाचे हिरवे धबधबा-बेडूक बराच काळ मोजक्या नावांखाली एकत्र ठेवले जात. 2003 मध्ये त्यांतून सहा नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या गेल्या, आणि यातले काही वंश शेजारीशेजारी राहूनही वेगळे राहतात. तुमचा बेडूक त्याच्या जवळच्या नातेवाइकापासून दूरच्या खोऱ्यात असेल तर ही कसोटी लावता येत नाही, आणि मग साद, शरीर, टॅडपोल यांपैकी निदान एक स्वतंत्र पुरावा डीएनएच्या बाजूने उभा राहायला हवा. मादागास्करच्या बेडकांसाठी 2009 मध्ये सुचवलेली तीन कप्प्यांची पद्धत मला इथे प्रामाणिक वाटते. डीएनए वेगळा आणि दुसरा पुरावाही वेगळा, तर निश्चित उमेदवार. डीएनए वेगळा पण बाकीची माहितीच नाही, तर अनिश्चित उमेदवार. डीएनए वेगळा पण बाकी सगळं तपासूनही सारखंच, तर एकाच प्रजातीतला जुना वंश. वर्णन फक्त पहिल्या कप्प्यातल्यांचं करावं.

आणि आता जुनी नावं. तुमचा बेडूक वेगळा ठरला, तरी त्याला तुम्ही नवं नाव देऊ शकता असं नाही. नियम अग्रक्रमाचा आहे: आधी दिलेलं वैध नाव टिकतं. उत्तर अमेरिकेतल्या शेपटीवाल्या ओढाबेडकाचं, ॲस्केफसचं, उदाहरण घ्या. 1899 मध्ये एक प्रजाती वर्णन झाली. 2001 मध्ये डीएनएवरून रॉकी पर्वतातले बेडूक वेगळी प्रजाती ठरले, पण नवं नाव लागलं नाही. 1949 मध्ये उपप्रजाती म्हणून दिलेलं ‘माँटॅनस’ हे नाव तयार होतं, तेच वर चढलं. म्हणून तुमच्या जीनसमधली आजवरची प्रत्येक वैध, रद्द आणि विलीन झालेली नावं काढायची. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या ‘ॲम्फिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’ या सूचीत प्रत्येक प्रजातीखाली ती दिलेली असतात. मग प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचायचं आणि प्ररूप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला बांधलेलं आहे तो नमुना, कुठे आहे ते शोधायचं.

अडचणी इथेच सुरू होतात. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत ठिकाण म्हणून नुसतं ‘मलबार’ असतं. ज्या बरणीवरून वर्णन झालं त्यात कधी दोन प्रजाती मिसळलेल्या असतात. तेव्हा त्यातला एक नमुना लेक्टोटाइप म्हणून निवडून नाव त्याला बांधावं लागतं. कधी प्ररूप नमुनेच हरवलेले असतात. सी. आर. नारायण राव यांनी 1937 मध्ये दक्षिण भारतातून वर्णन केलेल्या बेडकांचे प्ररूप नमुने आज मिळत नाहीत, आणि त्या नावांचा अर्थ लावायला नंतरच्या अभ्यासकांना फार कष्ट पडले. अशा वेळी मूळ ठिकाणी जाऊन तिथले ताजे बेडूक गोळा करायचे, त्यांचा डीएनए आणि साद घ्यायची आणि मूळ वर्णनाशी ओळ न ओळ ताडून पाहायची. नावाचा गोंधळ दुसऱ्या मार्गाने सुटतच नसेल तरच निओटाइप, म्हणजे हरवलेल्या प्ररूपाच्या जागी नवा नमुना, नेमायचा. नियमावलीने त्याच्या अटी मुद्दाम कडक ठेवल्या आहेत. हे काम टाळून छापलेलं नवं नाव काही वर्षांत जुन्या नावाखाली विलीन होतं, आणि मधल्या काळात संवर्धनाच्या याद्यांत एकाच बेडकाच्या दोन नोंदी फिरत राहतात.

वर्णनाची कायदेशीर बाजू त्यामानाने सोपी आहे. नाव नवं असल्याचं स्पष्ट लिहायचं. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलं तो एकच नमुना, कोणता, कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने, हे द्यायचं. प्रत्येक जवळच्या प्रजातीपासून तो कसा ओळखायचा हे ‘यात अमुक, त्यात तमुक’ अशा जोडीने लिहायचं. ‘पडदा कमी’ असं लिहून भागत नाही, चौथ्या बोटाच्या कितव्या पेरापर्यंत ते लिहायचं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर लेख आधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवून तो क्रमांक लेखातच छापावा लागतो. ही अट राहिली तर नाव वैधच ठरत नाही. नाव विशेषण असेल तर ते जीनसच्या व्याकरणिक लिंगाप्रमाणे चालवायचं. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला देण्याची रीत नाही.

आत्ता तुमच्या हातात जे आहे त्याचं काय करायचं ते सांगतो. फोटो निरीक्षणांच्या एखाद्या खुल्या संकेतस्थळावर तारखेसह टाका, पण नेमकं ठिकाण झाकून ठेवा. नाव लिहिताना जीनसपर्यंतच थांबा, किंवा सगळ्यात जवळच्या प्रजातीच्या नावाआधी ‘अ‍ॅफ.’ लावा, म्हणजे ‘हिच्याशी नातं दिसतं, पण ही नव्हे’. त्या जीनसवर अलीकडे कुणी लिहिलंय ते पाहून त्यांना फोटो पाठवा; परवानगी, प्रयोगशाळा आणि संग्रहालयातले नमुने त्यांच्या हाताशी असतात. पुढच्या प्रजननाच्या हंगामात पुन्हा त्या ओढ्यावर जा आणि, त्या जागी हाताळण्याची परवानगी असेल तर, हे सहा फोटो घ्या: पाठ, पोट, डोळा-कान-नाकपुडी स्पष्ट दिसेल असा चेहरा बाजूने, हाताचा तळवा, पसरलेल्या बोटांसह पायाचा तळवा आणि मांडीची आतली बाजू. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवा. पडद्याचा फोटो पाऊल पाण्यात बुडवून काढा. हवेत पडदा घडी पडून बोटांना चिकटतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.